चार पाण्यांनी धुतलेला भात

२ जून १९६३
आलो बुवा एकदाचा! लाँचमधून उतरलो तो चपला हातात, ट्रंक डोक्यावर, आणि स्वागताला एक म्हैस. ताम्हिणीकडच्या या वाडीचा मी नवा ग्रामसेवक. देवळामागच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. जेवण समोरच्या सारजाबाईकडे. म्हातारी फटकळ, पण होती नव्हती ती सुकट तिनं माझ्याच ताटात लोटली. तिचा मुलगा जयसिंग शेती करतो, बोलत मात्र फारसा नाही.

१० जून
भाताच्या बियाण्याची पोती वाटली. वर गुलाबी औषध चोळलंय, त्यात पारा आहे, हे पेरायचं, खायचं नाही, असं घरोघरी सांगून घसा बसला. सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी बोलायला कोणी नसतं. कंदिलाशी किती गप्पा मारणार?

२१ जुलै
पावसानं लाँच बंद, टपाल बंद. सारजाबाईला आज सहज विचारलं, तांदूळ कुठला? म्हणाली, पेरून उरलं हुतं ते बियाणंच कांडलं. हातातला घास मी ताटात टाकला. मी ओरडलो, तर बाई हसायलाच लागली. चार पाण्यांनी धुतलंय की भाऊसाहेब, रंग गेला तसं औषध बी गेलं. आदी कोंबड्यास्नी घातलं, त्या बगा कशा टुणटुणीत हायेत! आन् तुमी बी पेरणीपास्नं खाताय, काय झालं?

खरंच, मला काहीच झालं नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण रात्री तिथंच जेवलो. या ओल्या खोलीत एकट्यासाठी चूल पेटवायचं जिवावर आलं.

७ ऑगस्ट
ओठ बधिर. बोटांना मुंग्या, झटकल्या तरी जात नाहीत. प्रशिक्षणात मास्तरांनी सांगितलं होतं, पारा लगेच कळत नाही. आधी बोटं जातात, मग नजर, मग जीभ. जीभ आहे तोवर या मायलेकांना पटवायलाच हवं.

११ ऑगस्ट
पोतं ओतून द्यायला गेलो. जयसिंगनं मनगट धरलं. दसऱ्यापातूर आमाला काय तुमी खाऊ घालणार व्हय, म्हणाला. मग वळला आणि कोरड्या जमिनीवर धाडकन पडला. पाय घसरला म्हणे. त्याला उठवून बसवलं; पोतं तिथंच राहिलं.

१६ ऑगस्ट
दोन्ही बाजूंचं दिसत नाही. नळीतून पाहावं तसं समोरचंच तेवढं. भिंत धरून चालतो. वाडीत म्हणतात, ग्रामसेवक पितो. कोणी फिरकत नाही. दार उघडं टाकून बसतो, कुणीतरी यावं म्हणून.

१९ ऑगस्ट
पुन्हा सांगायला गेलो. शब्द तोंडातच लोळतात. खाऊ नका म्हणायचं होतं, निघालं भलतंच — सारजाबाई म्हणते, लागीर झालंय. अंगारा लावला. जयसिंग अंथरुणात. पोत्याकडे बोट केलं, तर तिला वाटलं मला भूक —

२३
लिहून दाखवू? तिला वाचता येत नाही — हात थरथर —
ती आली. भिंत चाचपत. म्हणजे हिचीही नजर —
ताटात भात. मी तोंड फिरवलं. रडते. जयसिंग बी खाईना, तुमी तरी दोन घास खावा, म्हणते. बाई, नको गं — आवाज निघतो, शब्द नाही —
म्हणते, बगा, मी आदी खाते, मग तरी खाशीला न्हवं — घास उचलला — पेन्सिल टाकून तिचा हात ध