कुलपापुढची पणती

आई, यंदा दिवाळीत आम्ही दोघं घरी नव्हतो. कलकत्त्याला गेलो होतो, आठ दिवसांसाठी. हे ऐकून तू चष्म्यावरून बघितलं असतंस आणि म्हणाली असतीस, "पुन्हा?" हो, पुन्हा. बावीस वर्षांनी. तुझी नात शिकायला परदेशात गेली. तिला तू पाहिलंच नाहीस, तू गेल्यावर दीड वर्षाने ती झाली. घरात आम्ही दोघंच उरलो. वसुबारसेच्या आधी मी फराळाचं सामान ओट्यावर काढलं आणि नुसतीच उभी राहिले. दोन माणसांसाठी किती भाजणी भिजवायची तेच कळेना. हे मागे येऊन थांबले आणि म्हणाले, "अगं, राहू दे ते. चल, कुठेतरी जाऊ. कलकत्त्याला जाऊ." कलकत्ताच का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तुझी दिवाळी कधी वेळेवर आलीच नाही. नारायण पेठेतल्या छापखान्यात तू प्रुफं तपासायचीस, आणि दसरा उलटला की तुझा दिवाळी अंकांचा हंगाम सुरू व्हायचा. शेजारच्या घरांतून बेसन भाजल्याचा वास यायला लागायचा तेव्हा आपल्या घरात शाईचा वास असायचा. जेवायच्या पाटाशेजारीसुद्धा तुझे लांबलचक कागद पडलेले असायचे. बाबा गेल्यापासून सगळं तुझ्या एकटीवर होतं. शेवटची पानं छपाईला गेली की तू घरी येऊन पदर खोचायचीस, म्हणायचीस, "लोकांची दिवाळी छापून झाली, आता आपली काढू," आणि दोन दिवसांत चार डबे भरायचीस. सहावीत मी 'आमची दिवाळी' या विषयावर निबंध लिहिला होता, आठवतं? त्यात आई, मावश्या, आत्या महिनाभर आधीपासून फराळाला बसतात, असं सगळं रंगवून लिहिलं होतं. तू लाल पेन्सिल घेऊन तो निबंध छापखान्यातल्या कागदासारखा वाचलास आणि समासात एक खूण केलीस. "एवढ्या आत्या कुठून आणल्यास? आणि चकल्या दसऱ्यालाच तळल्यात तर दिवाळीपर्यंत त्या काय कपाटात ठेवल्यात?" मी रडायला लागले तेव्हा तू जवळ घेतलंस, पण बोलणं सोडलं नाहीस. "खोटं लिहावं गं माणसानं. पण कुणी सहज पकडेल इतकं ढिसाळ लिहू नये."

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीचं माझं खोटं तसंच ढिसाळ होतं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. विश्रांतवाडीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहत होतो. श्रावणात माझ्या पोटातलं बाळ गेलं, चौथ्या महिन्यात. तू आलीस, पंधरा दिवस राहिलीस, मऊ भात करून घातलास, आणि त्याविषयी एक शब्द बोलली नाहीस. मला तुझं बोलणं सोसलं असतं, ते न बोलणं सोसेना. पाणी द्यायला तू खोलीत यायचीस तेव्हा तुझे डोळे आधी माझ्या पोटाकडे जायचे आणि मग तू ते घाईने दुसरीकडे न्यायचीस. दिवाळी जवळ आली तसं मला एकच दिसायला लागलं. नरकचतुर्दशीची पहाट, आपली ती काळोखी मोरी, पाटाभोवती रांगोळी, आणि तू माझ्या पाठीला तेल लावत्येस. तुझा हात पाठीवर पडला की मी मोडणार, हे मला ठाऊक होतं. मी मोडले की तूही मोडणार. यांनी माझं तोंड बघितलं आणि एका टूर कंपनीत दोन जागा घेऊन टाकल्या. आठ दिवसांची कलकत्त्याची सहल, दिवाळी धरून. तुला काय सांगायचं? 'आई, यंदा मला तुझ्याकडे यायचं नाही,' हे कुठली लेक सांगेल, आणि तेही जिला लेकीवाचून दुसरं कुणी नाही अशा आईला? मी फोन केला आणि म्हणाले, "यांना सुट्टी नाही मिळाली गं. दिवाळीचे चारही दिवस ऑफिस आहे. इथेच करतो आम्ही."  तू म्हणालीस, "बरं."

परत आलो तेव्हा भाऊबीज होऊन गेली होती. जिना चढून वर आले तर आमच्या दारात पुसट झालेली रांगोळी आणि काळी पडलेली एक पणती. सामान आत नेईपर्यंत समोरच्या काकू स्टीलचा डबा घेऊन आल्या. डब्यावर बाबांचं नाव कोरलेलं. "तुझी आई आली होती गं चतुर्दशीला. सकाळी सकाळी, मनपाच्या स्टँडवरून पहिल्या बसने. कुलूप होतं ना. मी म्हटलं, अहो, ते दोघं कलकत्त्याला गेलेत, तुम्हाला बोलले नाहीत का? तर नुसत्या हसल्या. पणती लावली आणि बसल्या पायरीवर. तासभर तरी बसल्या असतील बघ. आत या म्हटलं तर 'नको, इथंच बरंय' म्हणाल्या."

तो तास माझ्या अंगावर बावीस वर्षं होता, आई. बंद दारापुढे पायरीवर बसलेली तू, मांडीवर डबा, आणि शेजारीण सांगतेय की लेक खोटं बोलून फिरायला गेली. लेकीचं खोटं आपल्याला चुकून कळलं, असं तुला वाटलं असेल. कदाचित काकूंचंच काहीतरी चुकलं असेल, येतील आत्ता, म्हणून तू वाट बघत बसली असशील. मी हे इतक्या वेळा मनात बघितलं आहे की त्या पायरीचा तुटलेला कोपरासुद्धा मला दिसतो. त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. तू टोमणा मारशील म्हणून मी आधीच मान खाली घालून उभी होते. तुझ्या टोमण्यांना छापखान्यातले मालकसुद्धा घाबरायचे. पण तू एवढंच विचारलंस, "चकलीत मीठ जरा जास्त पडलं का गं?" मी म्हणाले, "छे, अगदी बेताचं होतं. छान झाल्यात." तू म्हणालीस, "बरं." ना सुट्टीचं विचारलंस, ना कुलपाचं. एक काना चुकलेला तुला सोडवत नसे, आणि एवढी मोठी चूक तू तशीच जाऊ दिलीस. तेव्हा मला वाटलं, तू माझ्यावरचं लक्षच काढून घेतलंस.

त्यानंतर सांगायची वेळ कितीदा आली. संक्रांतीला तू आमच्याकडे आलीस, तीळ भाजत होतीस, मी शेजारी गूळ चिरत होते. मी म्हणाले, "आई, दिवाळीत ना..." तू तिळांवरून नजर न काढता म्हणालीस, "गॅस बारीक कर आधी, करपतील." मी गॅस बारीक केला. परत गूळ चिरायला घेतला. चैत्रात तू गेलीस. प्रुफांचे कागद हातात घेऊन खुर्चीतून उठलीस आणि परत बसलीस, एवढंच, असं छापखान्यातल्या बाईंनी सांगितलं. कागदावर पेन्सिलीची शेवटची खूण अर्धी राहिली होती.

यंदा कलकत्त्यात आम्ही दक्षिणेकडच्या एका जुन्या गल्लीतल्या घरगुती गेस्ट हाऊसमध्ये उतरलो होतो. यावेळी टूर कंपनी नाही, कुणी शिट्टी वाजवून बसमध्ये चढवणारं नाही. ट्राममध्ये बसायचं, कुठेही उतरायचं, मातीच्या कुल्हडातला चहा प्यायचा. दोघं चालताना आम्ही फारसं बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बोलणं कमी होतं, त्याचं वाईटही वाटत नाही. आपली नरकचतुर्दशी, तीच बंगाल्यांची भूतचतुर्दशी. त्या संध्याकाळी तिथे प्रत्येक घरात चौदा दिवे लावतात, गेलेल्या पूर्वजांसाठी. गेस्ट हाऊसच्या म्हाताऱ्या मालकीणबाई गुडघे धरत धरत एकेक दिवा ठेवत होत्या. जिन्यात, खिडकीत, नळापाशी, जिथे जिथे काळोख होता तिथे. एक दिवा त्यांनी माझ्या हातात दिला आणि हिंदीत म्हणाल्या, "तुमचंही कुणी असेल ना?" मी तो आमच्या खोलीच्या दाराशी ठेवला. खोलीला कुलूप होतं, आम्ही जेवायला बाहेर निघालो होतो. कुलपापुढे दिवा बघितला आणि मी तिथेच जिन्यात बसले. दरवर्षी या दिवशी मी जे म्हणते तेच म्हणाले, "आज आई आपलं कुलूप बघत बसली होती."

हे शेजारी बसले. दिव्याची वात जरा पुढे सारली. मग म्हणाले, "त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आपण तेव्हा इथे येणार ते. मीच सांगितलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी छापखान्यात गेलो होतो. एकट्या बाईला असं फसवून जायचं मला पटेना."

मी त्यांच्याकडे वळले. ते हळूहळू सांगत गेले. तू शेवटच्या पानांवर वाकली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "या जावईबापू. भर दिवसा ऑफिस सोडून आलात, म्हणजे सुट्टी मिळाली वाटतं." यांनी सगळं सांगितलं. तू चष्मा काढून पदराने पुसलास. "मला फोनवरच कळलं होतं. दिवाळीचे चारही दिवस चालणारं सरकारी ऑफिस पुण्यात अजून निघायचंय." चष्मा परत चढवत म्हणालीस, "घेऊन जा तिला. माझ्याकडे आली तर माझ्या तोंडाकडे बघून ती रडेल आणि तिच्याकडे बघून मी. मला यातलं काही माहीत नाही, लक्षात ठेवा. आईनं आपलं खोटं पकडलंय हे कळलं, तर तिथे तिला घास गोड लागायचा नाही." हे उठले तेव्हा तू विचारलंस, "दारात दिवा कोण लावणार तुमच्या?" हे म्हणाले, "कुणी नाही." तू म्हणालीस, "असं कसं? यंदा तर नकोच अंधार त्या घराला," आणि परत पानात डोकं घातलंस.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मालकीणबाईंनी वळून बघितलं.

"त्यांना शब्द दिला होता. 'तिला मूल झालं की मीच सांगेन,' म्हणाल्या होत्या. मग त्याच गेल्या. त्यानंतर तुला काय सांगणार होतो मी? की तुझ्या आईला सगळं ठाऊक होतं आणि तरी एकटीनं दिवाळी केली त्यांनी? मला वाटलं, तुला हे जास्त लागेल."

लागलंच, आई. पण वेगळं लागलं. रांगोळीचा डबा, पणती, तेलाची बाटली, वात, हे सगळं पिशवीत घालून कुणी लेकीकडे फराळ द्यायला जातं का? रांगोळी तर समोरच होती, मी ती पुसून उंबरा धुतला होता. बावीस वर्षं मला हे दिसलं नाही. तू पायरीवर आमची वाट बघत नव्हतीस. पेटती पणती एकटी सोडून जाऊ नये, हे तूच मला शिकवलंस. तेल संपेपर्यंत तू तिच्यापाशी बसलीस आणि मग मनपाच्या बसने परत गेलीस. घरी गेल्यावर स्वतःच्या पाठीला कसं लावलं असशील तेल, कोण जाणे.

आणि त्याच पहाटे मी कलकत्त्यात काय करत होते, ते आता सांगते. टूरचा माणूस दारं बडवत फिरला होता, "चला मंडळी, अभ्यंगस्नान उरका, फराळ खाली!" प्रत्येकाला उटण्याची पुडी दिली होती. आमच्याच टूरमधले एक आजोबा हॉटेलच्या बोळातून ओरडले, "पाण्याचा पत्ता नाही, उटणं काय चहात टाकून पिऊ?" खरंच नळ गेला होता. हे अंगभर उटणं फासून, डोळे घट्ट मिटून, हातात रिकामा तांब्या धरून उभे. मी हसले, आई. श्रावणानंतर पहिल्यांदाच, पोट दुखेपर्यंत हसले. तुझी आठवण एकदाही झाली नाही. ते हसणं मी इतकी वर्षं चोरीच्या मालासारखं दडवून ठेवलं होतं. तुला तेच हवं होतं, हे मला कालपरवा कळलं.

तुझा डबा माझ्याकडेच राहिला. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून थांबले, आणि भरून द्यायच्या आत तू गेलीस. हल्ली मीही लिहिते, दिवाळी अंकांतसुद्धा. माझी प्रुफं दुसरंच कुणी तपासतं. हे कागद मात्र कुणाकडे द्यायचे नाहीत. घडी घालून त्या डब्यात ठेवते.

एक राहिलं. चकलीत मीठ जास्त होतं की बेताचं, मला माहीत नाही. डबा उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि सगळा फराळ काकूंकडे देऊन टाकला. त्यातली एकही चकली मी खाल्ली नव्हती.