धाकट्या बाई कधी येणार?

१२ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचं तुझ्या पत्रावरून कळलं. नातवंडं मजेत, सूनबाई बरी, मुलाला बढती, सगळं वाचून आनंद वाटला. इकडे आम्हीही ठीक. यांचा खोकला कमी आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू हसतेस आणि मग मी काय बोलायचं ठरवलं होतं तेच विसरून जाते.

हात गळ्यातल्या झोळीतून एकदाचा सुटला. खांद्याच्या वर मात्र अजून जात नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवर बोटांनी चढायला सांगितलंय, मुंगी चढते तसं. रोज सकाळी मी भिंतीला तोंड करून उभी राहते आणि दिव्याच्या बटणापर्यंत पोचते. त्यापुढे बोटं हलत नाहीत. हे पेपरातून मान वर करून विचारतात, "आज दिवा लागला का?" इतकी वर्षं झाली लग्नाला, विनोद काही सुधारला नाही.

तर, मी कामावर जायला लागले. डॉक्टर अजून थोडं थांबा म्हणत होते, पण घरात बसून बसून मी कंटाळले आणि मला हे कंटाळले. आता लोक हाताची विचारपूस करतील, असं धरून गेले होते. दोन-चार वाक्यं तयारही ठेवली होती, "पडायचंच होतं, पडले" वगैरे. पहिले आले आपले मास्तर, जाड भिंगाच्या चष्म्याचे. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे काय, धाकट्या बाई नाही आल्या?"

मग शिंपी. "धाकट्या बाई कधी येणार?" मग ती दवाखान्यातली नर्स. तिने निदान आधी "कसा आहे हात?" एवढं विचारलं. मग तेच.

धाकटे, वाचनालयात नुसतं "बाई" म्हटलं की ती मी, हे इतकी वर्षं चालत आलेलं. तू धाकट्या बाई झालीस म्हणून मी आपोआप थोरल्या झाले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी शिडीवरून पडले आणि तू असशील तशी धावत आलीस. माझं घर सांभाळलंस, मला न्हाऊ घातलंस, वर माझ्या खुर्चीत जाऊन वाचनालयही चालवलंस. हे उपकार मी विसरणार नाही. पण तुला मी अंथरुणातून एकच गोष्ट बजावून सांगितली होती. वाचक टेबलाच्या पलीकडे उभा राहणार, पुस्तकाचं नाव सांगणार, आणि आपण आत जाऊन पुस्तक आणून देणार. टेबलाशेजारचं ते छातीएवढं दार ओलांडून वाचकाने आत यायचं नाही. आणि तू काय केलंस? सगळ्यांना दार उघडून दिलंस. "मला काही ठाऊक नाही हो, तुमचं तुम्हीच शोधा," असं म्हणालीस म्हणे. लोकांना ते इतकं भावलं की जो तो मला तुझी नक्कल करून दाखवतो आहे.

त्याचा परिणाम ऐक. सर्पदंशावरचे उपाय स्वयंपाकाच्या पुस्तकांत आहेत. चरित्रांत कविता घुसल्या आहेत. खिडकीपाशी बाक टाकलेला आहे आणि त्यावर उशी आहे. उशी कुणाची? घरची असेल तर घेऊन जाते.

मास्तरांच्या बायकोला ऐकू येत नाही हे तुला कसं कळलं? मला माहीत नव्हतं. वाचनालयात एवढ्या मोठ्याने बोलतात म्हणून मी त्यांना आजवर दटावत आले.

असो. मी दार लावून घेतलं. कडी ढिली झाली होती, म्हणून आतून एक छोटं कुलूपच घातलं. आता सगळं पहिल्यासारखं झालं आहे. रांग लागते थोडी, कारण एका हाताने वेळ लागतो. लागू दे.

समितीचे अध्यक्ष येऊन गेले. हाताची चौकशी केली, तुझीही केली. विशेष काही बोलले नाहीत.

शिक्क्याची गादी कुठे ठेवलीस ते कळव.

तुझी,
ताई


१ डिसेंबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं उत्तर येऊन बरेच दिवस झाले. मी एवढं टोचून लिहिलं आणि तू काय लिहिलंस? "ताई, चुकलंच माझं. गादी वाळली होती, टाकून दिली. नवी वरच्या खणात आहे. उशी माझी आहे, फेकून दे. हाताला शेक देतेस ना?" भांडायला आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची आणि वर पंखा लावायचा, ही तुझी खोड लहानपणापासूनची. समोरच्याला भांडताही येत नाही आणि बसताही येत नाही.

आई काय म्हणायची आठवतं? थोरली कामाची, धाकटी कौतुकाची. पाहुणे आले की तू गाणं म्हणायचीस आणि मी कपबशा मांडायचे. गाणं संपलं की पाहुणे तुझा गालगुच्चा घेऊन जायचे आणि मी कपबशा विसळायचे. तुझा आवाज काही फार ग्रेट नव्हता, हे मी आज लिहून ठेवते. पण तू गायला लागलीस की लोकांचे चेहरे सैल व्हायचे. माझ्याकडे बघून कुणाचा चेहरा सैल झालेला मला आठवत नाही. वाचनालयाची नोकरी लागली तेव्हा मला काय वाटलं होतं सांगू? ही एक जागा अशी आहे जिथे धाकटी नाही.

मला तुझा हेवा वाटतो. झालं लिहून. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

आता गेल्या आठवड्यातली हकिगत. हसायचं असेल तर हस, तिथे कुणीच हसलं नाही.

संध्याकाळची गर्दीची वेळ होती. पोस्टमनकाका आले. त्यांच्यासाठी मी नेहमीप्रमाणे दोन रहस्यकथा आधीच काढून ठेवल्या होत्या. मला प्रत्येकाची आवड पाठ आहे, सांगावंसुद्धा लागत नाही, ही माझी शेखी तुला ठाऊकच आहे. काकांनी त्या हळूच बाजूला सरकवल्या आणि समुद्रप्रवासाच्या एका पुस्तकाचा दुसरा भाग मागितला. तो सगळ्यात वरच्या फळीवर. काका म्हणाले, "बाई, मीच काढतो ना. मला माहितेय कुठे आहे ते."

मला माहितेय कुठे आहे ते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ते काम माझं आहे," म्हणाले आणि शिडी लावली.

चढले. डाव्या हाताने शिडी धरली आणि उजवा वर नेला, तर तो दिव्याच्या बटणाएवढाच गेला. मग उजव्याने धरून डावा उचलावा म्हटलं, तर उजव्याला माझा भार पेलेना. आणि तेवढ्यात खाली बघितलं. पडण्याच्या आधी जशी फरशी दिसली होती, तशीच दिसली. मग वर जाता येईना आणि खालीही येता येईना.

मास्तर ओरडले, "बाई, हलू नका!" नर्सने दार ढकललं. दाराला कुलूप. माझं. किल्ली टेबलाच्या खणात, आणि खण माझ्या बाजूचा. आपल्याच हाताने घातलेल्या कुलपाच्या आत मी शिडीवर टांगलेली, आणि बाहेर सगळं वाचकमंडळ माना वर करून उभं! शेवटी शिंप्याने गळ्यातली टेप काढून मास्तरांच्या हातात दिली आणि टेबलावरून उडी मारून आत आला. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग कोसळला. त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली.

"खाली बघू नका बाई. मी धरलंय. एक पाय सोडा. आता दुसरा. घाई नाही आपल्याला."

उतरले. कुणीतरी पाणी दिलं. सगळे इतके चांगले वागत होते की त्यापेक्षा हसले असते तर परवडलं असतं. शिंपी पुस्तकं गोळा करता करता हळूच म्हणाला, "धाकट्या बाई असत्या तर दार उघडं असतं." टोमणा नव्हता गं. त्याला जे वाटलं ते बोलला.

काकांनी खणातली किल्ली घेतली, कुलूप काढलं, चढले आणि आपलं पुस्तक घेऊन माझ्यासमोर आले. मी विचारलं, "रहस्यकथा सोडल्यात का?"

काका जरा घुटमळले. "खरं सांगू बाई, मला त्या कधी फारशा आवडल्या नाहीत. पण तुम्ही आधीच काढून ठेवायचात. नाही कसं म्हणायचं?"

"मग हे?"

"धाकट्या बाईंनी विचारलं, काय वाचता? म्हटलं, ठाऊक नाही. तर म्हणाल्या, मग आत जाऊन बघा."

मी शिक्का मारून दिला.

आता खरं लिहायचं ते. अध्यक्ष विशेष काही बोलले नाहीत, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. बोलले होते. पहिल्याच दिवशी बोलले होते. वाचक वाढलेत, दोन माणसं हवीत, असं समितीचं मत पडलं. देवघेवीच्या टेबलावर तुमची बहीण बसू दे, पुस्तकांची खरेदी आणि मांडणी तुम्ही आत बसून बघा, तुमच्या हातालाही आराम. पगार चांगला देऊ. विचारता का तिला? मी म्हणाले, विचारते.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. विचारलंत का? मी म्हणाले, "विचारलं. नाही म्हणाली. नातवंडांना सोडून येववत नाही म्हणाली."

म्हणजे खोटंसुद्धा मी तुला शोभेल असं बोलले. तू कशालाच नाही म्हणालेली नाहीस. तुला कुणी विचारलेलंच नाही.

अध्यक्षांना ते पटलं. शिडीचा प्रकार त्यांच्या कानावर गेल्यावर त्यांनी दुसऱ्या एक बाई बघितल्या. शिकलेल्या आहेत, हळू बोलतात, कपडे नीटनेटके. जागा बघायला काल येऊन गेल्या. तुझ्या खुर्चीत बसल्या. बघ, माझी खुर्ची आणि मी तुझी लिहिते आहे. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला त्यांचा काडीचा हेवा वाटला नाही. घरी येताना मी इतकी खुशीत होते की यांनी विचारलं, "लॉटरी लागली की काय?"

आणि चहा गाळताना तुझी आठवण झाली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तू बॅग भरत होतीस. पाठमोरीच म्हणालीस, "सून चांगली आहे गं ताई. तिथे मला सगळे पाणी हवंय का विचारतात. दुसरं काही कुणी विचारत नाही." मी ऐकलं होतं. तू काय म्हणतेस ते नीट कळलंही होतं. आणि मी म्हणाले, "टॉवेल घेतलास का?"

तू म्हणालीस, घेतला.

शर्यत जिंकले म्हणावं, तर तू पळतच नव्हतीस. तू तिकडे कुठल्यातरी खोलीत बसलेली, कुणीतरी पाणी विचारतंय आणि तू हसून नको म्हणतेयस. आणि मी इकडे तुला हरवल्याचा चहा पितेय. अर्धा कप तसाच ठेवला. साखर कमी पडली, असं मी यांना सांगितलं.

आज सकाळी अध्यक्षांकडे गेले आणि सांगितलं, मी बहिणीला विचारलंच नव्हतं, तुमच्याशी खोटं बोलले. त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही? खोटं?" म्हटलं, मी. "का पण?" म्हटलं, ते घरगुती आहे. त्या दुसऱ्या बाईंना त्यांनी अजून शब्द दिलेला नाही. महिनाअखेरपर्यंत जागा तुझ्यासाठी थांबवतो म्हणाले. त्यांचा पत्ता आणि फोन नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे.

आमची मागची खोली तुझ्यासाठी आवरायला घेतली आहे. एका हाताने आवरते, म्हणून पसारा आधी होता त्याहून वाढला आहे. हे मदत करतो म्हणतात आणि जुने पेपर वाचत बसतात.

पण ताई सुधारली असं समजून येऊ नकोस. तू आलीस की लोक आधी तुझ्याकडेच येणार. मास्तर त्यांच्या बायकोचं तुलाच सांगणार. मी आत बसून सगळं ऐकेन आणि माझ्या पोटात दुखेल. दुपारी डबा खाताना एखादा टोमणाही मारीन. तू खुर्ची देऊन पंखा लावशील आणि मी आणखीच चिडेन. हे सगळं होणार आहे, आधीच सांगून ठेवते. या वयात स्वभावाला औषध नाही.

एकच कर. मला विचारू नकोस. "ताई, येऊ का?" असं तू लिहिलंस तर मी "तुझी इच्छा" असं उत्तर देईन, आणि तू ते "नको" असं वाचशील, आणि ते बरोबरच असेल. म्हणून मला पत्रही लिहू नकोस आणि फोनही करू नकोस. थेट अध्यक्षांना हो म्हणून कळव, सुनेला सांग, बॅग भर आणि माझ्या मनात काय आहे याचा विचार न करता ये.

तुझ्यावर जळणारी, तुझीच,
ताई