उशिरा आलेलं ‘हो’

केप कोस्ट,
गुरुवार, १६ मार्च

चि. कोबिना यास आराबाताईचा आशीर्वाद. एरवी अनेक असतात, या खेपेला एकावर भागव.

मंगळवार, १४ मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तू संसदेच्या सभागृहात ‘हो’ म्हणालास.

मी तिथे होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून अक्राला आले होते. तुला चकित करावं या हौसेने आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेले मासे बांधून आणले, डबा दारावरच्या शिपायाकडे ठेवला आणि वर प्रेक्षकांत जाऊन बसले. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे खाली नुसते रंगीत डाग दिसत होते. कान मात्र शाबूत आहेत.

आपलं मिठाचं खाजण पन्नास वर्षांसाठी कंपनीला देण्याच्या कराराला मंत्रिमहाशयांनी मंजुरी मागितली. सभापतींनी विचारलं, बाजूने कोण. एक गलका झाला. गलका ओसरला आणि अर्ध्या श्वासाने मागून एकटंच ‘हो’ आलं. कोबिना, तू वेदीपाशी सेवेला असायचास तेव्हा सगळं चर्च ‘आमेन’ म्हणून मोकळं व्हायचं आणि मग तुझं आमेन यायचं. फादर त्याच्यासाठी थांबायचे. तो आवाज मी दुसऱ्या कुणाचा समजेन असं तुला वाटतं का? मग सभापतींनी विचारलं, विरोधात कोण. वरच्या पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू आली.

तुला ठाऊक आहे, तू निवडून आल्यापासून मी कामकाजाचा छापील अहवाल मागवते आणि महिन्यातल्या एका रविवारी आबुरानोला जाऊन प्रार्थनेनंतर आपल्या गावच्या बायकांना वाचून दाखवते. आमचा कोबिना काय बोलला, त्याने काय विचारलं, कुठे मत दिलं. आजवर तुझ्या खात्यात रस्त्याविषयी एक प्रश्न, उपाहारगृहातल्या गार सुपाविषयी एक तक्रार आणि मंत्र्यांचे आभार पोत्याने. सुपाचं वाचलं तेव्हा आपली धाकटी बहीण एसी हसून हसून खाली बसली. त्याच बायका कोरड्या दिवसांत त्या खाजणात गुडघाभर उभ्या राहून मीठ खरवडतात आणि त्यावर वर्ष काढतात. एसी त्यांच्या पुढे असते. पुढच्या रविवारी त्यांना काय वाचून दाखवू?

का म्हणालास, ते कळव. डबा मी परत घेतला नाही, शिपायाला दिला. त्याने निदान आभार मानले.

लोभ होता तिथेच तूर्त ठेवला आहे.

तुझी ताई,
आराबा


अक्रा,
मंगळवार, २१ मार्च

ती. आराबाताईस कोबिनाचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट दारात पडलं की बायको मला विचारते, कोर्टाचा कागद आला का. मुलं मजेत आहेत. धाकटीला गणितात बक्षीस मिळालं, ती तुझ्यावर गेली आहे. जिभेनेसुद्धा.

ताई, डोळ्यांत औषध घालून तू वर बसलीस, दिसत काही नव्हतं, आणि शंभर माणसांच्या गलक्यातून एक आवाज निवडलास. त्या सभागृहात उशिरा बोलणारा मी एकटा नाही. निम्मे सभासद झोपेतून उठून बोलतात. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. त्यात एवढंच आहे की प्रस्ताव मताला टाकला आणि संमत झाला. कोण काय म्हणालं हे आवाजी मतदानात कधीच लिहिलं जात नाही. मी काय म्हणालो ते देवाला ठाऊक आहे आणि मला.

शनिवारी आबुरानोला जातो आहे. सगळ्यांना नीट समजावीन. तोवर तू काही वाचून दाखवू नकोस, एवढं माझं ऐक. तुझ्या गुडघ्याला मलम पाठवलं आहे, ते शिपायाला देऊ नकोस.

रागासकट लोभ असू द्यावा, ही विनंती.

तुझा,
कोबिना


आबुरानो,
सोमवार, २७ मार्च

ती. आराबाताई हीस धाकट्या एसीचा नमस्कार. अक्षराला हसू नकोस. मीठ खरवडणाऱ्या बोटांनी लिहिलंय, आणि तुझ्या कॉन्व्हेंटातल्या नन मला चौथीपुढे ठेवायला तयार नव्हत्या.

ताई, शनिवारी तू इथे हवी होतीस. कोबिना आला. प्रमुखांच्या अंगणात सगळा गाव जमला होता. आधी नुसता घाम पुसत होता. मग म्हातारी एफुआमावशी उठली आणि तिने विचारलं की बाळा, तू तरी आमच्या बाजूने बोललास का. तो म्हणाला, हो मावशी, मी ‘नाही’ म्हणालो, पण माझं एक ‘नाही’ सगळ्यांच्या ‘हो’मध्ये बुडालं. ताई, बायका रडल्या. मीपण रडले. आम्ही त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, त्या महागाच्या कोटावर पांढरी पावडर उधळली, निवडून आला होता तेव्हासारखी. तो खाली बघत उभा होता. पुढारी झाला तरी लाजणं गेलं नाही पोराचं.

कंपनीने खाजणाला तार घातली आहे. पुढच्या मंगळवारी, ४ एप्रिलला, आम्ही घमेली घेऊन आत जाणार आणि तार उपटणार. मंगळवारी समुद्राचा विसावा, होड्या जात नाहीत, पुरुष घरी जाळी विणत बसलेले असतात, तेही येतील. पोलीस असणारच. पण पुढे कोबिना चालणार आहे. त्यानेच शब्द दिला. खासदाराला कोण काठी मारतो? म्हणून पाठीला पोर बांधलेल्यासुद्धा येणार म्हणतात, एफुआमावशी तर दोन दिवसांपासून चप्पल घासून ठेवते आहे.

अहवाल आला असेल तर घेऊन ये. त्याचं ‘नाही’ आम्हाला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

एसी


अक्रा,
बुधवार, २९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र आबुरानोच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती आजच पाठवतो आहे, वाचून जाळ.

तू बरोबर ऐकलंस. त्या सकाळी पक्षाच्या प्रतोदांनी बोलावून घेतलं होतं. आबुरानोचा रस्ता यंदाच्या यादीत ठेवायचा की काढायचा, एवढंच त्यांनी हसत हसत विचारलं. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. सगळे ‘हो’ म्हणाले, मग प्रतोद माझ्याकडे वळून बघायला लागले, आणि तोंडातून गेलं. मी एकटा ‘नाही’ म्हणालो असतो तरी खाजण गेलंच असतं, वर रस्ताही गेला असता.

अंगणात मी खरं सांगायलाच गेलो होतो. मावशीने विचारलं आणि जीभ दुसरीकडेच वळली. पुढे चालायचं मी म्हणालो नव्हतो. एसीने सगळ्यांसमोर विचारलं, मी मान हलवली. मंगळवारी मला समितीबरोबर उत्तरेत जायचं आहे, ते चुकवता येणार नाही. पोलिसांना वरून कडक हुकूम आहेत, हे मला पक्कं माहीत आहे.

ताई, तू त्यांना थांबव. कारण काहीही सांग. तुझं त्या ऐकतात. माझं मात्र सांगू नकोस. एसीच्या डोळ्यांत मी पुन्हा बघू शकणार नाही.

पूर्वीचा लोभ शिल्लक असेल त्यातून एवढं कर.

कोबिना


आबुरानो,
शुक्रवार, ३१ मार्च

कोबिना,

आशीर्वाद नंतर. पत्र जाळलेलं नाही.

काल सकाळची गाडी पकडून इथे आले. मंगळवारी पोलीस काठ्या चालवणार आहेत, तेव्हा जाऊ नका, असं एसीला सांगितलं. ती म्हणाली, म्हणून तर कोबिना पुढे आहे. मी म्हटलं, तो येणार नाही. ती म्हणाली, तो अंगणात सगळ्यांदेखत मान हलवून गेला आहे. मग मी सगळं सांगितलं. सभागृहात मी काय ऐकलं तेही. तुझी बहीण म्हणाली की ताई, तू कॉन्व्हेंटात शिकलीस, तुला कावळासुद्धा इंग्रजीत ओरडताना ऐकू येतो. लहानपणापासून तू त्याच्या चुका मोजतेस. मी तुझं पत्र पुढे केलं तर तिने हातात घेतलं नाही. भावाने मोठ्या बहिणीला लिहिलेलं चोरून वाचणार नाही म्हणाली. माझ्या नावचं असेल तर वाचीन. शेवटी तिने विचारलं, अहवालात आहे का तो ‘हो’ म्हणाल्याचं. मी अहवाल उघडून दाखवला. प्रस्ताव संमत झाला. तुझं नाव नाही. तिने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि घमेली मोजायला निघून गेली. तुमच्या सभागृहाने तुला इतकं छान लपवलं आहे की सख्ख्या बहिणीला मी खोटी वाटते.

काहीही कारण सांगून थांबव म्हणतोस. एक खोटं तू अंगणात सांगितलंस, दुसरं त्याच बायकांना मी सांगू? आणि सांगितलं तरी चालणार नाही. त्यांना हिंमत आहे ती तुझ्या शब्दाची. माझ्या धाकाने ती जाणार नाही.

रस्त्याचं बोललास. ठीक आहे, ते त्यांना सांग. कदाचित एखादी म्हणेल की रस्ताही हवाच होता. मुळात हे विचारायचं त्यांना होतं, प्रतोदांना नव्हे. आणि तुझं एकट्याचं ‘नाही’ वाया गेलं असतं हे मला पटत नाही. त्या क्षणी पंखा ऐकू येत होता. तू खाकरला असतास तरी ऐकू आला असतास. एका सभासदाने उठून मतं मोजायची मागणी केली असती तर नावं लिहिली गेली असती. तुझंही.

आता नीट वाच. तू एसीच्या नावे, आपल्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहायचंस: १४ मार्चला मी ‘हो’ म्हणालो, अंगणात खोटं बोललो, मंगळवारी मी येणार नाही, पोलिसांना हुकूम आहेत. खाली सही. टंकलिखित चालणार नाही, सचिवाचं अक्षर चालणार नाही. एसी तुझं अक्षर ओळखते. ते वाचूनही त्या कदाचित जातील. तो त्यांचा हक्क आहे. पण मग पुढे कुणी नाही हे जाणून जातील, आणि पोरं घरी ठेवून जातील. एफुआमावशीला मी माझ्याजवळ बसवून ठेवीन.

हे पत्र गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, ते उद्या दुपारी तुला मिळेल. तो सोमवारी सकाळी परत निघतो आणि तुझ्या दारात थांबेल. समितीचं निमित्त, तापाचं निमित्त, आणखी एक मलमाची डबी, यातलं काही त्याच्याकडे देऊ नकोस.

चिठ्ठी आली नाही तर मंगळवारी पहाटे तुझ्या जागी मी चालेन. गुडघा चालेल तितकी. सदुसष्ट वर्षांच्या बाईला काठी मारायची की नाही ते पोलीस ठरवतील, आणि दुसऱ्या दिवशी कुणाची बहीण म्हणून छापायचं ते वर्तमानपत्रवाले.

उत्तर लेखी हवं. सोमवार, ३ एप्रिल, संध्याकाळी सहाच्या आत, एसीच्या हातात. लोभाचं त्यानंतर पाहू.

आराबा