पुढचा ब्रेक

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

गाडी आली. दीड महिना पोलीस चौकीच्या आवारात पडून होती. टेम्पोतून चौघांनी उतरवली, मढं उतरवतात तशी. माझं शिलाई मशीन खोलीत सरकवलं आणि शेडखाली गाडी टाकली. टाकलीच — उभी राहीना. पुढचं चाक मागं इंजिनाला जाऊन भिडलंय, हँडल वाकडं, लाल फायबरचे तुकडे वेगळ्या पोत्यात.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला बिरप्पा बघायला आला. दोनदा गोल फिरला. "वैनी, भंगारात घाला."

"घालत नाही. मी खोलणार, मी बसवणार. अडलं की तुला बोलवणार."

हसला. "हे शिलाई मशीन न्हाय. खोलल्यावर कुठला बोल्ट कुठला, हे आमच्या ध्यानात राहत न्हाय. तुमच्या कुटनं राहील?"

लिहून ठेवीन म्हणलं. म्हणून ही वही. चौथीनंतर एवढं आजच लिहितेय. बोल्ट लिहायचे सोडून हे काय लिहीत बसले!

ह्यांनी आतनं एकच हाक मारली. "खिडकी लाव."

१३ नोव्हेंबर

सगळा दिवस एका नटापायी गेला. निघाला.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेजारची यशोदा भिंतीवरून डोकावते आणि विचारते, कशाला करताय अक्का हे? जो तो विचारतो. एकदा लिहूनच टाकते, म्हणजे मलापण कळेल.

चोपन्नाव्या वर्षी ह्या माणसानं जुनी स्पोर्ट गाडी घेतली. शाळेत क्लार्क. जन्म मोपेडवर गेला. ही गाडी चालवायची तर नमस्कार घातल्यासारखं वाकायचं. गल्ली हसली, सगळ्यात जास्त मी हसले. खंडेनवमीला गाडीची पूजा केली, हार घातला, आणि हे निघाले कुंभारीकडं एक चक्कर मारायला. फाट्याजवळ पुढचा टेम्पो थांबला. हे थांबले नाहीत. मांडीचं हाड, खांद्याचं हाड, चार बरगड्या. मांडीत सळई घातलीय.

डॉक्टर म्हणाले, दिवाळी झाली की वॉकर धरून उभं राहायचं, नाहीतर पाय आखडेल. दिवाळी होऊन गेली. वॉकरवर टॉवेल वाळतात. "उठा." "उद्या." "उठा की हो!" "उद्या." दिवसभर तोंड भिंतीकडं.

घरात दोन मोडलेले नग. माणूस पान्यानं खोलता येत नाही. गाडी येते. गाडी उभी राहिली की हा माणूस बघायला तरी उठेल. उठला पाहिजे!

२२ नोव्हेंबर

खोलून झाली. जुनी चादर अंथरली, शिलाईच्या खडूनं तिच्यावर गाडीचं चित्र काढलं, कापड बेतताना आखते तसं. जो बोल्ट जिथनं निघाला तिथंच चित्रावर ठेवला. वहीत लिहायची गरजच पडली नाही.

बिरप्पा चादरीशी उकिडवा बसला. मग म्हणतो, "हे आमाला कुनी शिकिवलं न्हाय वैनी."

"तुम्ही कधी बाईला विचारलं का?"

दुपारी चादरीवरनं मांजर पळालं. अकरा बोल्ट परत जागेवर लावले. मांजराला शिव्या.

२९ नोव्हेंबर

बिरप्पा म्हणतो, फायबर नवीन आणा. का? फाटलंय, संपलं नाही. सुई तापवून कडेनं भोकं पाडली, तांब्याची तार ओवली आणि टाके घातले. दप्तराच्या पट्ट्याला घालते तसे, दुहेरी. टाके दिसतात. दिसू देत. ह्यांच्या मांडीवर पण अठ्ठावीस दिसतात.

दोन बोटं भाजली. गणवेशांची ऑर्डर तशीच पडलीय. कारखान्यातून फोन येतात. येऊ देत.

४ डिसेंबर

बसव्वा आल्या. ह्यांची थोरली बहीण, दुधनीच्या. दारातच रडं. "अय्यो, एन माडोदु, काय करायचं गं! चांगला मानूस गाडीपायी गेला!"

गेले नाहीत, आत झोपलेत, म्हणलं.

चहा देताना मी नेहमीचं सांगितलं. आता पाठच झालंय — वयाला शोभतं का, पोरासारखं उधळायचं, एवढा मोठा टेम्पो दिसत नव्हता का. येईल त्याला हेच सांगते. ह्यांच्यासमोर सांगते, पाठीमागं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही.

हे म्हणाले, "व्हय. ब्रेक दाबायला उशीर झाला माझा."

बसव्वा निघताना मला म्हणाल्या, "महादेवी, पडलेल्याला किती तुडवशील गं?"

राग आला. खरं तेच बोलते की मी!

१२ डिसेंबर

चाक धरणाऱ्या पुढच्या दोन नळ्या, शॉकप म्हणतात, दोन्ही वाकल्यात आणि फुटल्यात. बिरप्पानं तसल्याच एका जुन्या गाडीच्या सरळ नळ्या आणल्या. आवळताना पान्यावर मी उभीच राहिले.

"वजनाचा उपेग झाला वैनी."

"थांब, तुझ्या बायकोला सांगते तू काय म्हणलास ते."

दिवसभर काम नीट केलं त्यानं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पुढचा ब्रेक खोलला. चाकाला एक चकचकीत थाळी असते. तिला दोन बाजूंनी दोन पॅड चिमटतात, चाक थांबतं. एवढंच काम.

पॅड काढले. काळे, तेलकट. बोट लावलं तर बोट घसरलं. बिरप्पा म्हणाला, "शॉकप फुटले नव्हं का वैनी. त्याचंच तेल गळलं." आणि तो चाकाला लागला.

मी पॅड उन्हात नेले. कडेला लाल चिखल साचलेला. नखानं काढला. कुंकू.

शॉकपच्या तेलात कुंकू कुठनं येईल?

खंडेनवमीला सकाळी मशीनला तेल दिलं. कात्रीला दिलं, विळीला दिलं. फडकं हातातच होतं. हे अंघोळीला गेलेले. गाडीची थाळी धुरकट दिसली. तेलाच्या फडक्यानं घासली, दोन्हीकडनं, तोंड दिसेपर्यंत. वर कुंकवाची पाच बोटं ओढली.

गल्लीत हे मागचाच ब्रेक दाबतात, मोपेडची सवय. पुढचा दाबला असेल तो थेट फाट्यावर.

मी केलं हे.

२० डिसेंबर

स्वयंपाक केला. जेवले नाही.

२३ डिसेंबर

नवीन पॅड बसवले. थाळी साबणानं तीनदा धुतली, मग स्पिरिटनं पुसली. जुने पॅड फडक्यात बांधून मशीनच्या ड्रॉवरात.

कुणाला कळायचं कारण नाही. शॉकप फुटलेच होते. बिरप्पाला विचारलं तर तोही तेच सांगेल. सकाळपासनं हेच घोळवतेय. मी! दुकानदार मापात चुकला तर भर बाजारात उभा करते मी त्याला.

३ जानेवारी २०२६

यशोदा म्हणते, "काय अक्का, पंधरा दिवस झाले, तुमी भावजींना बोललेलं ऐकू येत न्हाय. तब्येत बरी हाय नव्हं?"

८ जानेवारी

ह्यांनी उशीखालनं कागद काढला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. चार वर्षं आहेत अजून नोकरीची!

"सही केलीय. गड्ड्याची जत्रा झाली की शाळेत नेऊन दे."

"का पण?"

"त्या दिवशी मी दाबलाय असं मला वाटलं. पन गाडी थांबली न्हाय. म्हंजे हात हललाच न्हाय वेळेवर. डोकं आन हात जुळत न्हाईत आता माझे. रजिस्टरात काय चुका करून ठेवीन कुनाला ठावं. पोरं हसतील, मास्तरं हसतील. त्यापरीस आपनच उठावं."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं. म्हणलं, "चहा ठेवू?"

१४ जानेवारी

सगळी गल्ली गड्ड्याच्या जत्रेला गेलेली. यशोदा तेवढी घरी, गुडघे धरलेत तिचे. बिरप्पा सकाळी बॅटरी जोडून गेला, म्हणाला दुपारी येतो, तोवर हात लावू नका. हात लावला. बटण दाबलं. खोकली. परत दाबलं. तिसऱ्यांदा धरली! शेडचा पत्रा थरथरला.

आतनं ओरडले, "कुनी चालू केली?"

"मी!"

खिडकी किलकिली झाली. आतनं. स्वतःच्या हातानं उघडली ह्यांनी.

मग मी इंजिन बंद केलं, साडी खोचली आणि बसले. यशोदाला म्हणलं, ढकल उतारावरनं. ती "अक्का मरशीला!" म्हणत ढकलत होती. उतार संपायच्या आत पुढचा दाबला. गाडी जागेवर! मी टाकीवर आदळले, हनुवटी फुटली.

थांबते. थांबते की! तिथंच बसून रडले. यशोदाला वाटलं हनुवटी दुखतेय. हळद घेऊन आली.

१७ जानेवारी, शनिवार

अर्ज काल द्यायचा होता. शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. हे लिहिलेलं ह्यांना वाचायला देऊ का असं पण मनात आलं. नको. तोंड आहे मला.

आज दुपारी खाटेवर जाऊन बसले. फडकं सोडलं, जुने पॅड ह्यांच्या हातात दिले.

"काय हे?"

"ब्रेक. पुढचा. तेल लागलंय त्याला. मी लावलं, पूजेला."

पॅड उलटसुलट केले. "परत सांग."

परत सांगितलं. फडकं, थाळी, कुंकू.

"म्हंजे मी दाबला होता."

"दाबला होता."

"वेळेवर?"

"दोन मिनिटं आधी दाबला असता तरी थांबली नसती."

पॅड नाकाशी नेले. बोट फिरवलं, बोट बघितलं. मला वाटलं आता फेकून मारतील. ह्यांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि हसायला लागले. पांघरूण तोंडावर ओढून हसत होते, खाट हलत होती. "हात बरा हाय माझा! महादेवी, हात बरा हाय!"

मग हसू थांबलं.

"साडेतीन महिने," म्हणाले. "आल्यागेल्याला सांगितलंस तू."

"व्हय."

"शोभतं का, म्हनलीस."

"व्हय."

"मला खरं वाटलं ते."

मी पांघरूण सारखं करायला हात पुढं केला, ह्यांनी ओढून घेतलं.

"अर्ज दे हिकडं." दिला. चार तुकडे केले, पॅड उशीखाली ठेवले आणि भिंतीकडं तोंड केलं. पण हे तोंड वेगळं. आधी मेल्यासारखं होतं, हे रागाचं आहे. राग चालेल मला.

१८ जानेवारी

उभे राहिले! मला हात लावू दिला नाही. बिरप्पाला धरून उभे राहिले.

२४ जानेवारी

आता दारात खुर्ची टाकून बसतात, पुढ्यात वॉकर. येईल त्याला थांबवून पॅड दाखवतात. "वास घ्या. कुंकू येतंय का? हिनं लावलं." काल तर पेपरवाल्याला थांबवलं. यशोदा म्हणते, "अक्का, आमच्या गेटाची कडी लई करकरती, तेल घालता का?"

घाला तोंडात तुमच्या, म्हणलं. पण मनात. तोंडानं बोलायचा हक्क गेला माझा काही दिवस.

बसव्वांना मीच फोन केला. दुसऱ्याकडनं कळायला नको. कन्नडमधनं दहा मिनिटं सुनावलं. एकेक शब्द कळला. ठेवताना म्हणाल्या, "सांगितलीस ते बरं केलीस."

हे माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी पाहिजे असली तर भिंतीला सांगतात.

३० जानेवारी

आरसे बसवले, इंडिकेटर बसवले. झालं म्हणून चादर उचलली तर खाली एक बोल्ट. पुढचं सगळं परत खोललं, एकेक जागा बघितली. सगळ्या भरलेल्या! चार वाजता बिरप्पा आला. "आरं, हितं पडला व्हय माझा!" त्याच्या खिशातनं पडलेला.

त्याला काय बोलले ते लिहीत नाही.

५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी फोटो बघितला. हाड धरलंय. वॉकर सोडा, काठी घ्या. ह्यांनी विचारलं, "गाडी?" डॉक्टर म्हणाले, तीन महिने नाव काढायचं नाही.

येताना रिक्षात एकदम म्हणाले, "थाळी कशानं पुसलीस?"

"स्पिरिटनं."

"बरं."

एकोणीस दिवसांनी पहिला शब्द.

८ फेब्रुवारी, रविवार

चार दिवसांनी पाणी आलं म्हणून पहाटे मी मागच्या बाजूला मोटार लावून भरत होते. साडेसहाला पुढं आले. खाट रिकामी. काठी भिंतीला. ड्रॉवरात किल्ली नाही. शेडखाली गाडी नाही.

यशोदा म्हणते, कुंभारीकडं गेल्याचा आवाज आला. बिरप्पाला मागं पाठवू का विचारते.

नको म्हणलं. ब्रेक मी बसवलाय.

सव्वासात झाले. दारात बसलेय.