रा आणि ह्यांची डावी बाजू

८ जानेवारी

ह्यांना घरी आणलं. कल्याणच्या हॉस्पिटलातून निघताना डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, झटका लहान होता, बोलणं शाबूत आहे. ते मला सांगायची गरज नव्हती. गाडीत बसल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. ड्रायव्हर उगाच लांबून नेतोय, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर फोन केलास का, रथसप्तमीचं व्याख्यान मी देणार म्हणजे देणारच. विषय 'इजिप्तचा सूर्यदेव रा'. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला तरी हौस फिटली नाही.

जिना चढताना डावा खांदा भिंतीला घासत होता. ह्यांना पत्ताच नाही.

घरात पुन्हा कटकट सुरू झाली. किती बरं वाटलं.

९ जाने.

गाजराची कोशिंबीर मुद्दाम केली, ह्यांची आवडती. भाजी संपली, आमटी संपली, वर मागून घेतली. ताटाची डावी बाजू जशीच्या तशी. कोशिंबीर, चटणी, लिंबाची फोड, कशाला हात नाही.

विचारलं, "कशी झालीये?"
"काय?"
"कोशिंबीर."
"केलीयेस कुठे?"

थट्टा वाटली. मीही फुगून बसले. दिवसभर कामापुरतं बोलले.

११ जाने.

फिजिओची मुलगी आली. स्नेहा. बारकीशी आहे पण ह्यांना दम देते, म्हणून मला लगेच आवडली. तिने ह्यांना सूर्य काढायला सांगितला. मास्तर खूश! हा रा, ही त्याची तबकडी, असं शिकवत शिकवत गोळा काढला. किरण काढले, ते सगळे उजवीकडे. डावा अर्धा भाग कोरा.

"झाला, काका?"
"झाला की."

मग तिने मला समजावलं. डोळ्यांना काही झालेलं नाही. डावी बाजू म्हणून काही असते, हेच मेंदू विसरलाय. ताटातही, रस्त्यातही. म्हणजे कोशिंबीर ह्यांना दिसलीच नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

उपाय: मी डाव्या बाजूला बसायचं, बोलत राहायचं, हाका मारायच्या. मान आपोआप माझ्याकडे वळेपर्यंत. तोवर खाली एकटं सोडायचं नाही. डावीकडून येणारी गाडी त्यांच्यासाठी नाहीच, काकू, म्हणाली.

१३ जाने.

संध्याकाळी गॅलरीत. माझी खुर्ची पहिल्यापासून ह्यांच्या डावीकडे. चहा हातात, आणि म्हणतात, "अगं, कुठे आहेस?"

हातभर अंतरावर होते मी.

"ही काय, इथेच."

उजवीकडे बघून म्हणाले, "तिकडून काय ओरडतेस? इथे ये ना, बस."

शहाणपणा नाही राहिला. उठले, खुर्ची उचलली, उजवीकडे जाऊन बसले. चेहरा असा काही फुलला! स्नेहाला सांगणार नाही.

ऊन ह्यांच्या डाव्या गालावर होतं. म्हणाले, आज लवकर मावळला वाटतं.

१४ जाने. संक्रांत

कोपरीहून कुसुमवन्सं आल्या, तिळाच्या वड्या घेऊन. दादा दादा करत ह्यांच्या गळ्यात पडल्या. स्नेहा समोरच होती, माझी परीक्षा सुरू होती. मी डावीकडून, "अहो!" काही नाही. "अहो, ऐकलंत का!" हे आपले वन्संना सांगताहेत की राला रोज संध्याकाळी होडीत बसून पश्चिमेच्या अंधारात जावं लागतं, आणि तिथे अपेप नावाचा अजस्र साप टपलेला असतो.

स्नेहा म्हणाली, "काकू, अहो काय, कुणीही कुणालाही म्हणतं. नावाने हाक मारा. आपल्या नावाला माणूस सगळ्यात आधी जागा होतो."

वन्संचा हात डब्यातच थांबला. "आमच्याकडे नाही हो घेत नवऱ्याचं नाव. त्याचं आयुष्य कमी होतं."

सासूबाईंची शिकवण. स्नेहाला हसू आवरेना. तिचं काय, ती तर नवऱ्याला अरे-तुरे करते.

ठाण्याच्या ऑफिसात इतकी वर्षं सही केली, मधलं नाव ह्यांचंच. ते चालतं. तोंडाने नाही. ह्या वहीतसुद्धा कुठे नाही, मागची पानं चाळून पाहिली. बावळटपणा आहे हे मला कळतं. कळून काय उपयोग, जीभ उचलत नाही. आणि आत्ताच, ह्या दुखण्यात, आयुष्याशी खेळ कोण करेल?

१७ जाने.

शेजारी हळदीकुंकू. उखाण्याचा आग्रह. उखाण्यात चालतं! एकदम डोक्यात प्रकाश पडला. घरी येऊन ह्यांच्या डावीकडे उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

नाईलच्या पाण्यावर सूर्याची होडी,
—रावांच्या बोलण्यात तिळगुळाची गोडी.

(गोडी कसली. पण उखाण्यात खपतं.)

मान तसूभर हलली नाही. समोर बघूनच म्हणाले, "राच्या होडीत तिळगूळ नसतो."

स्नेहाला फोन केला तर म्हणते, "राव कशाला लावता, काकू? त्यांची आई हाक मारायची तशी मारा."

आता हिला कोण सांगणार.

१९ जाने.

व्याख्यानाची तयारी. ऐकायला मी एकटी. गोष्ट अशी: रा म्हातारा झाला. इतका, की तोंडातून लाळ गळून जमिनीवर पडायची. आयसिस देवीने ती लाळ मातीत कालवली, त्याचा साप केला आणि राच्या वाटेवर ठेवला. साप डसला. राच्या अंगाची आग आग, दात वाजायला लागले. कुठल्याच देवाला उतारा सापडेना. आयसिस म्हणाली, तुझं खरं नाव सांग, मग बरी करते—

सांगता सांगता ह्यांच्या डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. ह्यांना कळली नाही. मी पदराने टिपली. ते कळलं.

म्हणाले, "ठेव जपून. साप कर."

हसता हसता दोघांना ठसका लागला. मेलं, म्हातारपणी असा हसणारा नवरा मिळायला नशीब लागतं.

२१ जाने.



मी आंघोळीला गेले आणि हे चप्पल घालून खाली. व्याख्यानासाठी वही हवी होती म्हणे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि डावीकडून स्कूटर. वॉचमनने दंडाला धरून मागे ओढलं म्हणून. स्कूटरवाला शिव्या घालून गेला. ओल्या केसांनी मी जिना उतरले तर हे वॉचमनला विचारताहेत, "ती आली कुठून? आकाशातून?"

वर आणून नाही नाही ते बोलले. माझा जीव जाईल एक दिवस, म्हटलं. हे लहान मुलासारखं, "पण मी दोन्हीकडे बघितलं होतं गं."

बघितलं होतं. ह्यांच्या दोन्हीकडे.

कुलूप आतून लावते आता. किल्ली माझ्या कमरेला. हे काही खरं नाही. ज्या माणसाने सगळी डोंबिवली पायाखाली घातली त्याला मी कोंडून ठेवतेय.

२३ जाने.

वन्संना बोलावून घेतलं. मला कुणाशी तरी बोलायचं होतं. पण आधी दादांचं व्याख्यान. उरलेली गोष्ट सांगितली. राने आधी चलाखी केली. म्हणाला, सकाळी मी खेप्री, दुपारी रा, संध्याकाळी अतुम. आयसिस म्हणाली, ही नावं सगळ्या गावाला ठाऊक आहेत, खरं सांग. ज्याचं नाव घेतलं जातं तो जगतो. शेवटी राने आपलं खरं नाव तिच्या काळजात ठेवलं. विष उतरलं.

"काय होतं नाव?" वन्संनी विचारलं.
"कुणीच लिहून ठेवलेलं नाही. तिला माहीत. बस."

वन्सं म्हणाल्या, "आपल्याकडे सगळं उलटंच." आणि मटार सोलायला आत आल्या.

दोघी सोलत होतो. त्यांचे यजमान मोहने गावच्या कारखान्यात होते, पाळीवरून आले की दारातूनच कुसुम म्हणून ओरडायचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय नव्हता. वन्सं खाली मान घालून एकदम म्हणाल्या, "वहिनी, मी कधीच नाही घेतलं. उखाण्यातसुद्धा 'ह्यांचं नाव' म्हणून वेळ मारून न्यायचे. इतकं जपलं. तरी गेलेच ना ते? आता तर घरात ते नाव कुणाच्या तोंडातच येत नाही. मुलं बाबा म्हणतात."



मग मटारांकडेच बघत हळूच म्हणाल्या, "मनोहर."

एकदाच. डोळे पुसले. "बघ. घेतलं," म्हणाल्या. "आता मला कोण ओ देतंय? तुझा समोर बसलाय."

२४ जाने.

कट्ट्याच्या सेक्रेटरींचा फोन. व्याख्यान पुढे ढकलतो, तब्येत महत्त्वाची. उद्या दुसरं कुणी भजन करणार आहे. हे चिडतील वाटलं, चिडले नाहीत. ते जास्त वाईट. उगाच म्हणाले, "ढकलू देत. रा कुठे पळून जात नाही."

दुपारभर भिंतीकडे तोंड. उजव्या भिंतीकडे.

मी मोरीत नळ सोडून नाव घेऊन पाहिलं. पाण्यापेक्षा हळू. कानाला परकं वाटलं, दुसऱ्याच बाईचं बोलणं वाटलं. मग घाबरून बाहेर येऊन बघितलं, हे ठीक आहेत ना. ठीक होते. घोरत होते.

२५ जाने. रथसप्तमी

गॅलरीत दूध उतू घातलं. ह्यांनी हात जोडले. डाव्या हाताला बोलवावं लागलं, मग आला. दिवसभर हिंमत झाली नाही. आज म्हणू, मग म्हणू. काही झालं असतं तर सणाच्या दिवशी झालं असतं, असली कारणं मला भरपूर सुचतात.

२७ जाने.

संध्याकाळ, गॅलरी. आज खुर्ची डावीकडेच ठेवली. हे उजवीकडे बघत होते, रिकाम्या जागेकडे, मी तिथे येऊन बसेन म्हणून. त्या रिकाम्या जागेकडे बघून हसले सुद्धा. ते मला सहन झालं नाही.

हाक मारली. राव नाही, अहो नाही. सासूबाई मारायच्या तशी.

इथे लिहिणार नाही.

ह्यांचा चहाचा कप बशीत वाजला. काय करून बसले मी. मग, उजवीकडेच बघत, "कोण आहे?"

"मी."

"तू?" मग अगदी हळू, "परत म्हण."

परत म्हटलं. आवाज चिरकला. तिसऱ्यांदा नीट आला, मोठ्याने. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर मान करून बघितलं, बघू देत. ह्यांची हनुवटी डावीकडे हलली. मान अडली, पुन्हा निघाली, खांद्यापर्यंत आली. कपाळावर घाम. मी तर खुर्चीच्या कडेवर आलेली.

"दिसले का हो मी?"

"अजून नाही," म्हणाले. "पण थांबू नकोस."