कोपर आत, बाई!

३ नोव्हेंबर, सोमवार

पाय जाणार. डावा, गुडघ्याखाली. जखम काही भरत नाही. "आधी साखर खाली आणा, मग कापू." सत्तावीस तारीख दिली. डॉक्टर असं बोलले, जशी बांधावरची बाभळ छाटायचीय! वर म्हणाले, कुबड्यांवर चालायचं तर दंडात जोर पाहिजे, आत्तापासून कमवा.

सासूबाईंना दोन वर्षं खाटेवरून उचलून मीच न्हाऊ घातलं. उचलताना त्यांचं तोंड कसं व्हायचं, ते मी रोज बघितलंय. मला कुणी उचलायचं नाही. बस्स!

५ नोव्हेंबर

लोहारा गावातल्या जिममध्ये नाव घातलं. बावन्नाव्या वर्षी! खताच्या दुकानाशेजारचा गाळा, चारी भिंतींना आरसे. हे बाहेर रिक्षात बसून राहिले. आत यायची लाज वाटते म्हणे. पाय माझा चाललाय, लाज ह्यांना!

मास्तर कोण, तर मल्हार! माझ्या अंगणवाडीत खिचडी खाऊन तिथंच झोपायचा, चड्ड्या मी बदलल्यात. आता दंड एवढाले आणि बनियन एवढंसं. मला बघून आधी पोट आत घेतलं, मग पाया पडला. "बाई, वजन कमी करायचं का?" म्हटलं, व्हय बाबा, चार-पाच किलो. तारीखही ठरलीय. हसला. मग नीट सांगितलं, तेव्हा पळत जाऊन बसायला स्टूल आणलं.

८ नोव्हेंबर

"ट्रायसेपला, म्हंजे दंडाच्या मागल्या स्नायूला, तीन डोकी असतेत, बाई." तुझ्या मानेवरचं एक नीट चाललं असतं तर दहावीला तीनदा बसला नसतास. हे मनात म्हटलं. मास्तर आहे शेवटी.

स्टुलावर बसायचं, वरून तारेला टांगलेला दांडा खाली दाबायचा. तळवे खाली. झालं की तळवे वर. मग दांडा काढून दोरी, अंगठे वर. मग तीच दोरी डोक्यामागून. "पकड बदलली, कोन बदलला, की जोर दुसरीकडं लागतो." म्हटलं, भाकरी थापताना आमी बी हात फिरवतो की, पण दर भाकरीला आरशात बघत न्हाय! "बाई, कोपर आत!" एकेकाळी मी ह्याला म्हणायची, मल्हार, हाताची घडी!

९ नोव्हेंबर

वेणी घालता आली नाही. हातच वर जाईनात.

१३ नोव्हेंबर

जाऊबाई भेटायला आल्या. पार्वतम्मा. पेढे घेऊन! साखरेच्या रोग्याला! "आता काय करायचं बाई, नशीब. आमी हावोत की उचलायला." डोळ्याला पदर, आणि पदराआडून नजर माझ्या पायाकडं. चहा बिनसाखरेचा दिला. मुद्दाम.

पेढे ह्यांनी संपवले.

१७ नोव्हेंबर

ह्यांनी बिरू सुताराकडून कुबड्या करून आणल्या. लाकूड चांगलं. पण माप कुणाचं? ह्यांचं! "तू जिमला गेलतीस, मग मीच उभा राहिलो." माझ्या कानापर्यंत येतायत! अशा नवऱ्याला काय ओवाळायचं का बदडायचं?

मल्हारनं जिमच्या दारातच करवत मागवली. "बाई, काखेत रेलायचं न्हाय, हात बधिर होतेत. सगळा भार तळहातावर. कोपर जरासं वाकलेलं." मूठही दोनदा खाली-वर करून बघितली. पोराला कळतं बरं का, उगाच नावं ठेवते मी. दोन्ही कुबड्या वीतभर कापल्या. पायाआधी कुबड्यांचा नंबर लागला.

२२ नोव्हेंबर

दोन बाकांच्या मधे बसून, दोन्हीकडं तळहात टेकून सगळं अंग वर उचललं. दहादा! मल्हार दोन्ही हात पुढं करून उभा, पडले तर धरायला. म्हटलं, सरक बाजूला.

येताना रिक्षात रडू आलं. दिवाळीलाच नवी चप्पल घेतलीय. भ्या वाटतंय. लई भ्या वाटतंय.

२६ नोव्हेंबर

उद्या. नखं काढत बसले. दोन्ही पायांची काढली. सवय!

३ डिसेंबर

उभी राहिले! खाटेपासून दारापर्यंत आठ पावलं आणि परत आठ. नर्सबाई म्हणाली, मावशी, पहिल्याच दिवशी एवढं कुणी चालत नाही. मल्हारला फोन लावून दिला ह्यांनी. तिकडून पोरगं ओरडतंय, कोपर आत का बाहेर? आत रे बाबा, आत!

हे मात्र खुर्चीत बसून बघत होते. जागचे हलले नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा धावला माझ्या मागं, आणि माझा नवरा पाहुण्यासारखा! आठवडाभर बोलणार नाही मी.

५ डिसेंबर

ओल्या फरशीवर कुबडी सरकली. बूड आपटलं. शेजारची खाट कालच रिकामी झालेली, वॉर्डात ह्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. तोंडून निघून गेलं, "उचला हो मला!" हे धावत आले, वाकले, हात घातला, आणि तसेच राहिले. तोंड पांढरंफटक. सरळ होता येईना. तेव्हा कुठं सांगितलं, मणका सरकलाय, श्रावणापासून. भरली घागरसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरनं बजावलंय. "तुझ्या पायापुढं माझं काय सांगत बसू?"

खाटेच्या कडेवर दोन्ही हात रोवले आणि मीच वर आले. मग ह्यांना हात दिला.