थामाखाम क्लबचा फेडायचा राहिलेला नवस

थामाखाम, सोमवार

तीर्थस्वरूप थावोनदादास,

तू समोर असतास तर गुडघे टेकून नमस्कार केला असता. नाहीस, म्हणून भिंतीवरच्या तुझ्या फोटोपुढे हात जोडून बसले आहे (गुडघे टेकले नाहीत, टेकले तर उठवायला घरात कोणी नाही). तुझी झोप आता कशी आहे? रत्चनीवहिनींचा खांदा? त्यांना म्हणावं, पाठवलेलं तेल कोमट करून लावा, आमटीत घालू नका. मागच्या वेळी बाटलीवर काही लिहिलं नव्हतं ती चूक माझी. बँकेतून निवृत्त होऊन तुला इतकी वर्षं झाली, तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसतोस असं त्या म्हणाल्या. बरं वाटलं. आपल्या घरात नीटनेटकं कोणीतरी राहायला हवं. फोनच केला असता, पण फोनवर तू "हं, हं" म्हणतोस आणि मागून बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज येत असतो. पत्र वाचताना माणसाला दोन्ही डोळे लागतात.

इकडचं क्षेम म्हणजे छप्पर गळत नाही, चिंचेला चिंचा चांगल्या धरल्या आहेत, आणि आपला फुटबॉल क्लब जाणार आहे. म्हणजे हरून खालच्या गटात जाणार हे तर आहेच. पण तसं झालं तर छोटे मालक स्पर्धेत खेळायचा परवानाच विकणार आहेत. घेणारे लोक दूर उत्तरेकडच्या जिल्ह्यातले. क्लब म्हणजे काय फ्रीज आहे का, उचलला आणि टेम्पोत घातला, असं मी छोट्या मालकांना तोंडावर विचारलं. "काकू, कागदावर साधारण तसंच आहे," असं ते अगदी नम्रपणे म्हणाले. हल्लीची मुलं शिकलेली असल्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. येत्या रविवारी शेवटचा सामना आहे, आपल्याच मैदानावर. जिंकलो तर राहिलो.

तुला वाटेल, ओरासाचं वय काय आणि ही कसली काळजी करते. पण तुझा मेहुणा सनित गेल्यापासून या घरात जो काही आवाज होतो तो माझाच असतो. रविवारी दुपारी मात्र मागच्या मैदानावर ढोल सुरू होतात, कपाटातल्या बश्या थरथरायला लागतात, आणि मी सनितची टोपी घालून त्याच्या जागेवर जाऊन बसते. शेजारचा माणूस मला न विचारता भुईमुगाच्या शेंगा देतो. एवढंच. क्लब उत्तरेत गेला तर सोमवार ते सोमवार सगळे सोमवारच.

तर अशी अवस्था असताना सलग हार होत गेली आणि चेंडू जाळ्यात जाईचना. दांडीला लागे, पंचाला लागे, एकदा तर आपल्याच खेळाडूच्या पाठीला लागून बाहेर गेला. मग सर्वांनी ठरवलं की मैदानाच्या राखणदार आजोबांना विचारायचं. आजोबा तुला माहीत आहेत, उत्तरेकडच्या गोलमागच्या देव्हाऱ्यातले. ते हल्ली समनियांगमावशीच्या अंगात येतात (तीच, लॉटरीची तिकिटं विकायची ती, तिच्याकडून घेतलेलं एकही तिकीट कधी लागलं नाही, पण त्याचा आणि याचा संबंध नाही असं लोक म्हणतात). आजोबांनी आधी लाल सोडा मागितला, नळी घालून. तो संपवला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, या मैदानावर एक नवस बोललेला आहे आणि फेडलेला नाही. कोणाचा, ते सांगत नाही. ज्याचं त्याला ठाऊक. तो फिटेपर्यंत चेंडू आत जाणार नाही.

झालं. संग्वान गुरुजींनी (निवृत्त झाले तरी हातात पट्टी असल्यासारखेच चालतात) समिती नेमली आणि क्लबचा सगळा इतिहास नवसाच्या बाजूनं उकलायला घेतला. आपल्याइतके नवस दुसऱ्या कुठल्या क्लबनं केले असतील असं मला वाटत नाही. आपण मुळी खेळापेक्षा नवसांवरच जास्त विसंबून होतो.

पहिला संशय प्रासोपवर, म्हणजे जुन्या कर्णधारावर. वरच्या गटात गेलो तर मैदानाला नग्न फेरी मारीन असं तो बोलला होता, आणि मारलीही होती. पण बायकोचं लुगडं गुंडाळून. त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. आता गुरुजी म्हणाले, "प्रासोप, नवसात लुगड्याचा उल्लेख होता का?" प्रासोप म्हणाला, "गुरुजी, तेव्हा मी पंचविशीत होतो, तेव्हा बघायचं होतंत. आता काय बघणार?" पण क्लबसाठी तो पुन्हा धावला, या वयात, भल्या पहाटे, संधिवातासकट. बायकांनी तळ्याकडे तोंड करावं अशी सूचना होती. मी तळ्याकडेच तोंड केलं होतं, माझी शाळा कॉन्व्हेंटची आहे. तळ्यात प्रतिबिंब पडतं याला मी काय करणार?

त्या आठवड्यातही हरलो. मग डॉक्टरांच्या पत्नी उथायवानबाई रडत रडत पुढे आल्या. क्लबला परवाना मिळाला तर आजोबांना टोपलीभर अंडी वाहीन असं त्या बोलल्या होत्या आणि वाहिली ती लाव्याची. "आकार ठरला नव्हता," असं त्यांचं म्हणणं. गुरुजी म्हणाले, "बाई, देवाशी वागताना माणसानं आकार स्वतःहून मोठा धरायचा असतो." त्यांनी बदकाची उकडलेली अंडी आणली, आणि टोपली नव्हे, हातगाडी. सामन्याच्या दिवशी देव्हाऱ्यापुढे नुसता ढीग.

इथे मला आपल्या घोरपडींबद्दल लिहावं लागतं. तू बँकॉकला गेलास तेव्हा क्लब बर्फाच्या कारखान्याचा होता आणि त्याला टोपणनाव नव्हतं. पुढे कामनुआनसाहेब, म्हणजे छोट्या मालकांचे वडील, निवडणुकीला उभे राहिले आणि त्यांनी क्लब घेतला, नाव बदललं, रंग बदलला, आणि चिन्ह म्हणून हत्ती ठरवला. पण पहिल्याच सामन्यात तळ्यातल्या पाणघोरपडी मैदानावर आल्या, हत्ती काही आला नाही. त्या दिवसापासून आपण घोरपडी. साहेब फार चिडले, कारण त्या प्राण्याचं नाव म्हणजे आपल्याकडची सर्वांत घाण शिवी. तो शब्द एकदा माझ्या तोंडून निघाला म्हणून सिस्टर ओदीलनी मला साबणाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली होती. आज तोच शब्द मी दर रविवारी ढोलाच्या तालावर सगळ्या गावाबरोबर ओरडते. क्लबचं नाव त्यानंतरही कितीदा तरी बदललं, कधी सिमेंटचं, कधी खताचं, कधी कसल्याशा शक्तिवर्धक पेयाचं. आमचं ओरडणं तेच राहिलं.

तर त्या घोरपडींनी अंडी बघितली. सामना सुरू होईपर्यंत ढीग संपला होता आणि त्यांना हलता येत नव्हतं. सर्वांत मोठी आपल्याच गोलात, सावली बघून, पाय पसरून झोपली. पंच म्हणाले, हिला हलवा. आपली माणसं म्हणाली, अंडी आजोबांची, ती हिच्या पोटात, तेव्हा ही या घटकेला प्रसादाच्या जागी आहे, आम्ही हात लावणार नाही. पाहुण्या संघाचा एक मुलगा म्हणाला, "राहू दे तिला, तुमच्या गोलरक्षकापेक्षा जास्त जागा अडवते." शेवटी तशीच ठेवून खेळले. आपला गोलरक्षक सगळा वेळ मागे बघत होता, त्यामुळे पुढून आलेला चेंडू त्याला दिसला नाही. चेंडू घोरपडीला लागून थांबला, पण रेषेच्या आत.

आता उरला सर्वांत जुना काळ, बर्फवाल्यांचा. त्या काळातलं जिवंत कोण, तर सिस्टर ओदील. कारण तुम्हा पोरांचे सदरे आमच्या शिवणाच्या वर्गानं साखरेच्या पोत्यांतून बेतले होते (सगळ्यांच्या पाठीवर एकच आकडा, पोत्याचं वजन). आणि अंतिम सामन्याच्या दिवशी सिस्टरनी आम्हा सगळ्या मुलींना कॉन्व्हेंटच्या भिंतीपाशी उभं केलं होतं, खेळ बघायला नाही, शिवण कुठे उसवते ते बघायला. गुरुजी मला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत, खिडकीशी बसतात, डोळे अजून सुईसारखे. गुरुजींनी फार अदबीनं विचारलं, त्या वेळी आपण संत अंतोनींना मेणबत्ती लावली होती असं ऐकतो, तर त्यांचं काही देणं राहिलं आहे का? सिस्टर म्हणाल्या, "संत अंतोनी बिल पाठवत नाहीत." मग माझ्याकडे वळून फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "पण तुझा भाऊ गं? तो गोलातला? त्यानं डोकं भादरलं का शेवटी?"

दादा, माझ्या हातातला पंखा खाली पडला.

तुझी स्मरणशक्ती सोयीची आहे, म्हणून लिहिते. रेल्वेच्या संघाविरुद्ध, शेवटची पेनल्टी. तू चेंडूकडे पाठ करून देव्हाऱ्याकडे वळलास, गुडघे टेकलेस, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालास, आजोबा, एवढा अडवू द्या, मी मुंडन करून भिक्खू होऊन विहारात बसेन. मग उठलास, वळलास, आणि चेंडू तुझ्या नाकावर आला. (तू आजही सांगतोस की झेप घेतलीस. मी भिंतीपाशीच होते.) बाबा रडले, तुला खांद्यावर घेतलं, बर्फाच्या लाद्या नाकाला लावल्या. आणि सूज उतरायच्या आत तू बँकेच्या परीक्षेला बँकॉकच्या बसमध्ये बसलास. परीक्षा झाली, नोकरी झाली, मग वहिनी झाल्या, केसांची ती वळणदार बट झाली, आणि भिक्खू व्हायचं राहिलं ते राहिलंच. आईनं तुझी पिवळी चिवरं आणून ठेवली होती. मुलाच्या चिवराचं टोक धरून आई स्वर्गात जाते म्हणतात. आई दर पावसाळ्याआधी ती उन्हात घालायची, घडी करून परत ठेवायची, तुझ्याबद्दल एक शब्द न काढता. शेवटी भिक्खू होणाऱ्या शेजारच्या मुलाला देऊन टाकली. तो छान दिसत होता. आई त्याच्या मिरवणुकीत नाचलीसुद्धा.

हे मी तुला टोचायला लिहीत नाही. गुरुजींनी मला विचारलं, सिस्टर काय म्हणाल्या? मी सांगितलं, त्या तुम्हाला आशीर्वाद देत आहेत. कॉन्व्हेंटमध्ये बसून, नव्वदीच्या सिस्टरसमोर मी खोटं बोलले, फक्त तुझ्या केसांसाठी. तेव्हा तू निश्चिंत राहा. ही गोष्ट माझ्यापाशी आहे आणि माझ्यापाशीच राहील. क्लब गेला तर गेला. बश्या थरथरल्या नाहीत तर फुटणारही नाहीत, तोही एक फायदाच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
ओरासा

ता. क. वर लिहिलेलं शेवटचं ते पूर्ण खरं नाही. पत्र लिहून झालं आणि मला सिस्टरचे डोळे दिसायला लागले, म्हणून जाऊन गुरुजींना फक्त एवढंच सांगितलं की माझा संशय आहे. संध्याकाळपर्यंत बाजारात मला प्रत्येक भाजीवाली "भावाची तब्येत बरी ना?" असं विचारत होती. विहाराच्या महाथेरांनी तुझ्या दीक्षेसाठी शुक्रवार धरून दिला आहे. सातच दिवस भिक्खू राहायचं, मग चिवर उतरवून घरी. रविवारचा सामना तुला विहाराच्या ओट्यावरून ऐकू येईल, भिक्खूंनी ओरडायचं नसतं एवढं लक्षात ठेव.

ता. क. रत्चनीवहिनींशी माझं फोनवर बोलणं झालं. त्यांची परवानगी आहे. त्यांनी फक्त विचारलं की सातच का, पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास करता येणार नाही का. तुझी पिशवी त्यांनी भरून पलंगाखाली ठेवली आहे.

ता. क. तुला आजोबांवर विश्वास ठेवायची गरज नाही. मला तरी कुठे आहे? समनियांगमावशीचं तिकीट आयुष्यात एकदा तरी लागायला हवं होतं. उद्या तू आलास आणि तरीही आपण हरलो, तर हरलो. मी तुला काही म्हणणार नाही. पण सनितच्या दहनानंतर तू आमच्याकडे राहिला नाहीस. मिरवणुकीत तुझ्यापुढे मला नाचायचं आहे, गुडघे असेपर्यंत.

ता. क. ज्या गृहस्थांनी हे पत्र तुझ्या हातात दिलं आणि ज्यांना तू शिष्टाचारानं आत बसवलं असशील, ते आपल्या बाजारातले विथून न्हावी. गाडी गल्लीत उभी आहे. तू इथपर्यंत वाचलंस की पेटी उघडायची असं त्यांना सांगितलं आहे, म्हणून उगाच पहिलं पान पुन्हा वाचायला घेऊ नकोस. पहिली बट आईनं कापायची असते. ती नाही, म्हणून कपाळावरची एक बट तेवढी ठेवा असं मी त्यांना बजावलं आहे. ती मी कापीन. वाटेत लोक बघतील, बघू देत. आणि वस्तरा चालू असताना बोलू नकोस.